फोन लागतो कसा आणि नंबर राहतो कुठे?

आपल्या वस्त्यांतून आज मोबाईल नसलेले घर शोधून काढावे लागेल. नाक्यावर उभा राहणारा बिगारी असो, चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी असो की नगरपालिकेतला सफाई कामगार असो, खिशात किंवा पिशवीत फोन हा असतोच. गॅसचा नंबर त्यावरून लागतो, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर येणाऱ्या आकड्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि पगार बँकेत जमा झाल्याची वर्दीही तोच देतो. इतकी जवळची वस्तू, परंतु हा फोन लागतो कसा असे विचारले की पुष्कळ जण आकाशाकडे बोट दाखवतात. "सॅटेलाईटवरून येतो," म्हणतात. शिकलेसवरलेलेही हेच सांगतात, याचे आम्हांला नवल वाटते.

आम्ही काही इंजिनीयर नव्हे. कॉमर्सची पदवी आणि इतकी वर्षे आवक-जावक नोंदवही सांभाळण्याचे काम, एवढीच आमची शिदोरी. पण थोडे वाचल्यावर आणि या कामातल्या मंडळींना विचारल्यावर ध्यानात आले की मोबाईलचा अर्धा कारभार लहरींचा असला तरी उरलेला अर्धा शुद्ध कारकुनीचा आहे. आणि गरीब माणसाचे नुकसान होते ते लहरींपेक्षा या कारकुनीतच जास्त. म्हणून दोन्ही बाजू जरा विस्ताराने मांडतो.

समजा, मुलगा कुर्ल्याला राहतो आणि आई खेड तालुक्यातल्या गावी. मुलाने फोन लावला. त्याचा आवाज आकाशात चढून थेट आईच्या कानाशी उतरत नाही. तो हवेतून जातो तो फक्त जवळच्या टॉवरपर्यंत. शहरात हे अंतर काहीशे मीटर असते, खेड्यात काही किलोमीटर. टॉवरपासून पुढे जमिनीखालून काचेच्या तारा गेलेल्या असतात, केसाएवढ्या बारीक. त्यांना ऑप्टिकल फायबर म्हणतात. त्यांतून आवाज प्रकाशाच्या उघडझापीच्या रूपाने धावतो. जिथे फायबर पोचलेले नाही तिथे टॉवरवर डफासारखी गोल पांढरी थाळी बसवलेली दिसेल. ती दूरच्या दुसऱ्या टॉवरवरच्या तशाच थाळीशी नजरेला नजर लावून बोलते. असे करत करत निरोप आईच्या गावाजवळच्या टॉवरशी येतो आणि तिथून पुन्हा हवेतून आईच्या फोनात शिरतो. म्हणजे पहिले आणि शेवटचे पाऊल हवेतले, मधला पल्ला बहुतेक जमिनीवरचा.

कोणाचा मुलगा दुबईला किंवा मस्कतला असेल, तर त्याचा फोनही समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून येतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा केबली जमिनीला लागतात. कोळी बांधवांची जाळी जिथे सुकतात त्याच परिसरात वाळूखालून जगाची बोलणी जातात. उपग्रहाचा उपयोग होतो तो जहाजे, विमाने, तुटलेली बेटे यांसाठी. अंदमानच्या लोकांना बाहेर बोलायला उपग्रहाचाच आधार होता, त्यामुळे तिथे जोडणी तुटपुंजी असे. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून तिथवर समुद्राखालची केबल सुरू झाली आणि ती अडचण कमी झाली.

आता आवाज लहरीवर चढतो कसा ते पाहू. आपण बोलतो तेव्हा फोनमधला माईक आवाजाची वीज करतो. त्या विजेचे माप एका सेकंदात ८००० वेळा घेतले जाते आणि प्रत्येक माप आकड्यात लिहिले जाते. मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा एकेक तुकडा घेऊन तो दाबून लहान करतात, कारण हवेतली जागा फार महाग आहे. घरच्या तारेच्या टेलिफोनला एका आवाजासाठी सेकंदाला ६४,००० बिट लागत. मोबाईलच्या दुसऱ्या पिढीने, म्हणजे टूजीने, तेच काम १३,००० बिटांत भागवले. फोरजीवर बोलताना मापे दुप्पट, म्हणजे १६,००० वेळा घेता येतात, म्हणून आवाज जास्त स्वच्छ येतो. पलीकडे आईचा फोन हे आकडे वाचून आवाज पुन्हा उभा करतो. मध्येच आवाज चिरकतो, एखादा शब्द गिळला जातो, तेव्हा वाटेत काही तुकडे गहाळ झालेले असतात, इतकेच.

सेल हा शब्द आपण सेलफोनमध्ये ऐकतो. त्याचा अर्थ खण, मधमाशीच्या पोळ्यात असतो तसा. पूर्वी अमेरिकेत मोटारीत बसवायचे फोन होते, पण साऱ्या शहराला एकच उंच मनोरा. बोलण्याच्या वाहिन्या मोजक्याच, त्यामुळे माणसे ताटकळत. १९४७ साली बेल लॅबोरेटरीजच्या अभियंत्यांनी उपाय सुचवला. शहराचे लहान लहान खण पाडा, प्रत्येक खणात एक लहान मनोरा ठेवा आणि त्याचा आवाज मुद्दाम बेताचा ठेवा, म्हणजे तीच वाहिनी चार खण सोडून पुन्हा वापरता येईल. चाळीत प्रत्येक खोलीत लोक हळू बोलले तर एकाच वेळी वीस संसारांची बोलणी चालतात. एकाने मजल्यावर उभे राहून ओरडायला सुरुवात केली की सगळ्यांचेच बोलणे बंद. मोबाईलची सारी विद्या या हळू बोलण्यात आहे. पुढे ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिले बोलणे केले. तो फोन वजनाने किलोभराचा होता.

आपल्या देशात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांच्याही वर दर लागे आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. आपली मंडळी तेव्हा वाण्याचा किंवा शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे पी.पी. लिहीत असत, आणि निरोप आला की कोणीतरी पोर जिने चढून हाक मारायला येई. येणारे फोन फुकट झाले ते २००३ पासून, आणि तिथून मोबाईल खऱ्या अर्थाने वस्तीत आला.

रेंजविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. फोनवर दिसणाऱ्या काड्या म्हणजे टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती जोरात येतो त्याचे माप. पत्र्याची खोली असेल तर पत्रा लहरींना अडवतो. दारात आले की काड्या वाढतात, याचे कारण हेच. सिमेंटच्या स्लॅबने आणि लोखंडी सळ्यांनीही लहरी दमतात. कोकणात डोंगराच्या कुशीतल्या वाडीला समोर टॉवर दिसत नसेल तर रेंज मिळणे अवघड. कमी कंपनाच्या लहरी, म्हणजे ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या, लांब जातात आणि भिंतीतून बऱ्या शिरतात. १८०० किंवा त्याहून जास्त कंपनाच्या लहरी लवकर थकतात, पण त्यांच्या पट्ट्यात जागा जास्त मिळते. म्हणून एकाच वाडीत एका कंपनीचा फोन लागतो आणि दुसरीचा लागत नाही. आणखी एक. जिथे रेंज कमी तिथे आपला फोन टॉवरला ऐकू जावे म्हणून मोठ्याने ओरडतो, आणि त्याची बॅटरी दुपारपर्यंतच उतरते. गावी गेल्यावर "बॅटरी खराब झाली" म्हणून नवी घेणाऱ्यांनी हे आधी पाहावे. ज्या ठिकाणी आपल्या कंपनीची रेंज अजिबात नाही पण दुसऱ्या कंपनीची आहे, तिथे पडद्यावर फक्त इमर्जन्सी कॉल असे दिसते. तिथूनही ११२ लावता येतो. तो कोणत्याही कंपनीच्या टॉवरने घ्यावा अशी व्यवस्था आहे. हे घरातल्या मुलींना आणि म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवावे.

इथवर लहरींचे झाले. आता कारकुनीकडे येतो.

कुर्ल्याच्या मुलाने आईचा नंबर फिरवला. पण आई आज कुठे आहे हे कंपनीला कसे कळावे? ती वाडीत असेल, खेडच्या बाजाराला गेली असेल किंवा लेकीकडे पनवेलला आली असेल. देशभरच्या लाखो टॉवरांवरून तिला हाका मारत बसणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक कंपनीकडे एक मोठी नोंदवही असते. ती संगणकात असते, पण इंजिनीयर लोकांनीही तिला रजिस्टरच म्हटले आहे, होम लोकेशन रजिस्टर. फोरजीत नाव बदलले, काम तेच राहिले. त्या वहीत प्रत्येक ग्राहकाची एक ओळ असते. त्याचा दहा आकडी नंबर, त्याच्या सिमचा आतला नंबर, त्याला कोणत्या सोयी दिल्या आहेत, रिचार्ज चालू आहे की संपला, आणि सध्या तो कोणत्या विभागात आहे. सिमचा आतला नंबर १५ आकडी असतो. आपल्या देशातल्या सिमांचा ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. तो आपल्याला कधी लागत नाही, पण टॉवर आपल्याला ओळखतो तो त्यावरून. आपण जो नंबर लोकांना देतो तो फक्त वहीतल्या ओळीचे शीर्षक आहे.

आपला फोन खिशात नुसता पडलेला असतो असे आपल्याला वाटते. तसे नाही. तो अधूनमधून टॉवरला हजेरी देत असतो. एका विभागातून दुसऱ्या विभागात गेला की कळवतो, "आता मी इकडे आहे," आणि वहीतली ओळ दुरुस्त होते. आई पनवेलला उतरली की तिच्या ओळीत पनवेलचा विभाग लागतो. मुलाचा फोन आला की वही पाहिली जाते, आणि त्या विभागातल्या साऱ्या टॉवरांवरून एकदम तिच्या सिमचा पुकारा होतो, जसा कोर्टाच्या दाराशी पट्टेवाला नाव पुकारतो तसा. तिथले सगळेच फोन तो पुकारा ऐकतात, पण ज्याचे नाव तोच ओ देतो. मग तिला एक वाहिनी मिळते आणि घंटी वाजते. हे सगळे चार-पाच सेकंदांत होते. नंबर पुकारून झाल्यावर मधली शांतता असते ना, ती याचीच. २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली, त्यामुळे आकड्यांवरून कंपनी ओळखू येत नाही. कोणता नंबर सध्या कोणाकडे आहे याची आणखी एक यादी आधी पाहावी लागते.

यावरून घरोघरी काळजी लावणाऱ्या एका गोष्टीचा उलगडा होतो. कधी "बंद आहे" असे ऐकू येते, कधी "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे" असे. फोन रीतसर बंद केला तर तो बंद होण्यापूर्वी टॉवरला निरोप देऊन जातो, आणि वहीत तशी खूण होते. पण बॅटरी काढली, फोन बोगद्यात शिरला किंवा डोंगराआड गेला तर निरोप द्यायला वेळच मिळत नाही. वहीत तो हजर दिसतो, पुकारा होतो आणि ओ येत नाही. कंपन्यांच्या ध्वनिफितींत फरक असतो, त्यामुळे यावर पैज लावू नये. पण रात्रपाळीहून यायला उशीर झालेल्या मुलाचा फोन क्षेत्राबाहेर लागला म्हणून लगेच वाईट मनात आणण्याचे कारण नाही.

लोकलमध्ये बोलताना फोन तुटत नाही तेही या हजेरीमुळेच. बोलणे चालू असताना फोन आजूबाजूच्या टॉवरांचा जोर सारखा मोजून कळवत असतो, आणि कुर्ल्याचा टॉवर मागे पडून घाटकोपरचा जोरात येऊ लागला की बोलणे त्याच्या स्वाधीन केले जाते. कानाला कळतही नाही.

फोन चोरणाऱ्याला किंवा खोटी साक्ष देणाऱ्याला ही हजेरी अडचणीची ठरते. फोन कोणत्या टॉवरच्या छायेत होता याच्या नोंदी कंपन्यांना जपून ठेवाव्या लागतात आणि पोलीस त्या रीतसर मागवू शकतात.

गर्दीचे काय? ६ डिसेंबरला दादरला गेलेल्या प्रत्येकाला अनुभव आहे की काड्या पूर्ण दिसतात आणि फोन मात्र लागत नाही. काड्या आवाजाचा जोर दाखवतात, मोकळी जागा दाखवत नाहीत. टूजीत एका वाहिनीवर आठ जण आळीपाळीने बोलतात, सेकंदाचे बारीक तुकडे वाटून घेऊन. नव्या तंत्रात वाटणी निराळी आहे आणि माणसे जास्त मावतात. तरी लाखोंचा समुदाय एका मैदानात आला तर कोणतेही तंत्र अपुरे पडते. अशा ठिकाणी कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात. आपण आपल्यापुरते एवढे करावे की लहान मुलांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधीच ठरवावी, आणि फोन लागत नसेल तर साधा मेसेज पाठवावा. मेसेजला बोलण्याएवढी जागा लागत नाही. तो कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो आणि वाट मोकळी झाली की पोचतो.

हा साधा मेसेज पहिल्यांदा गेला ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडमध्ये. त्याची लांबी इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने १६० ठरवली गेली. मराठीत लिहिले तर एका मेसेजात फक्त ७० खुणा बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचीही वेगळी मोजणी होते. आपल्या भाषेला दुप्पट भाडे, असेच म्हणायचे. आता व्हॉट्सॲपमुळे हा प्रश्न कोणाला जाणवत नाही, कारण तिथे मजकूर, फोटो आणि बोलणे सगळेच इंटरनेटच्या तुकड्यांतून जाते. फोरजीत तर साधे बोलणेही त्याच तऱ्हेने जाते. २०१६ साली आलेल्या जिओ कंपनीने टूजी ठेवलेच नाही, म्हणून तिचे सिम जुन्या बटणांच्या टूजी फोनात चालत नाही. आजोबांसाठी स्वस्तात जुना फोन घेताना दुकानदाराला हे आधी विचारून घ्यावे.

आता मूळ मुद्दा. नंबर फोनमध्ये नसतो, आणि खरे पाहता सिममध्येही नसतो. तो कंपनीच्या वहीतल्या ओळीत असतो. सिममध्ये असते एक गुप्त किल्ली. तिचीच दुसरी प्रत कंपनीकडे असते. आपला फोन हजेरी द्यायला जातो तेव्हा कंपनी किल्ली मागत नाही; एक कोणताही आकडा देते आणि म्हणते, तुझ्या किल्लीने याचे गणित सोडव. उत्तर जुळले की ओळख पटली. किल्ली हवेतून कधी जात नाही, त्यामुळे वाटेत ऐकणाऱ्याला ती मिळत नाही. योजना पक्की आहे. मग चोर काय करतो? किल्लीच्या वाटेला तो जात नाही, वहीतली ओळ फिरवतो. तुमचे नाव सांगून, खोटी कागदपत्रे दाखवून, "सिम हरवले, दुसरे द्या" म्हणतो. दुकानदाराने किंवा कारकुनाने नीट पाहिले नाही तर तुमच्या नंबरापुढे नव्या सिमचा नंबर लागतो आणि तुमचे सिम त्या क्षणी मरते. बँकेचे आकडे चोराच्या फोनवर जाऊ लागतात. म्हणून शेजारच्यांना, त्याच कंपनीची, रेंज आहे आणि तुमच्याच फोनवर तासन्‌तास काही नाही असे झाले, तर दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच विचारावे. पैसे गेले असतील तर १९३० वर कळवावे. सिम बदलल्यावर पहिले २४ तास मेसेज बंद ठेवतात ते याच चोरीला आळा घालण्यासाठी. स्वतः सिम बदलून घेतल्यावर त्या दिवशी ओटीपी आला नाही तर घाबरू नये.

वहीत फिरवाफिरव करण्याचा दुसरा प्रकार तुमच्याच हातून करवून घेतात. अनोळखी माणूस कंपनीचा म्हणून फोन करतो, नंबर बंद पडेल असे घाबरवतो आणि स्टारने सुरू होणारे काही आकडे दाबायला सांगतो. ते दाबले की वहीत लिहिले जाते, याचे फोन दुसऱ्या नंबराकडे वळवा. एप्रिल २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने आकडे दाबून फोन वळवण्याची ही सोय थांबवायला कंपन्यांना सांगितले, ते असल्या तक्रारींवरूनच. तरीही फोनवर कोणी सांगितले म्हणून कोणतेही बटण दाबू नये.

पण चोरापेक्षा जास्त नुकसान आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे ते वहीत दुसऱ्याचे नाव असण्याने. २०२५ साली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली, तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरावर येणारा ओटीपी लागत होता. बाईचाही आणि तिच्या पतीचा किंवा वडिलांचाही. आमच्याकडे अर्ज घेऊन एक भगिनी आल्या, घरकाम करणाऱ्या, पती वारलेले. त्यांचा फोन गाडीत चोरीला गेला होता. नंबर दहा वर्षांचा, आधार आणि बँक दोन्हीकडे तोच. कंपनीच्या दुकानात गेलो तर वहीत नाव पुतण्याचे, त्यानेच कधी काळी घेऊन दिलेले. पुतण्या सुरतेला, आणि बोलणे बंद. दुकानातल्या मुलीने नियम दाखवला, तो बरोबरच होता: ज्याचे नाव त्यालाच दुसरे सिम. शेवटी त्यांनी स्वतःच्या नावाने नवा नंबर घेतला, आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन तो जोडला, मग बँकेत अर्ज दिला. या धावपळीत त्यांचे पाच खाडे झाले आणि एक घरकाम सुटले. दहा वर्षे त्यांनी रिचार्जचे पैसे भरले, पण वहीच्या दृष्टीने त्या कोणीच नव्हत्या.

तेव्हा आपल्या घरातला प्रत्येक नंबर कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहावे. २०२३ साली दूरसंचार विभागाने संचार साथी नावाची सोय सुरू केली. तिथे आपला नंबर टाकला की आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसते. एका व्यक्तीच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त नऊ चालतात. कधी कधी यादीत न ओळखीचा नंबर निघतो. सिम घेताना "मशीनने ठसा घेतला नाही, पुन्हा द्या" म्हणून दोनदा अंगठा घेऊन दुसरे सिम काढल्याचे प्रकार घडलेले आहेत. अशा नंबराविरुद्ध तिथेच "हा माझा नाही" अशी तक्रार करता येते. ती करावी, कारण त्या सिमवरून कोणी गुन्हा केला तर पोलीस पहिल्यांदा वहीतल्या नावाच्या दारात येतात. नंबर दुसऱ्याच्या नावावर असेल आणि तो माणूस बोलावता येत असेल, तर दोघांनी कागदपत्रे घेऊन कंपनीच्या दुकानात जावे, नाव बदलून मिळते. मूळ ग्राहक वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद लागतो.

गावी ठेवलेल्या म्हातारीच्या फोनाकडेही लक्ष असावे. प्रीपेड नंबरावर ९० दिवस बोलणे, मेसेज, इंटरनेट यांपैकी काहीच झाले नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखला जातो. रिचार्जची मुदत संपली की येणारे फोन तर त्याच्या आधीच थांबतात. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस कोणाला देत नाहीत. त्यानंतर ती ओळ खोडून दुसऱ्या ग्राहकाचे नाव लिहिले जाते. मग म्हातारीच्या पेन्शनचा मेसेज आणि बँकेचा ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जायला लागतो. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार आणि गॅस या ठिकाणचा नंबर बदलावा, नंतर सिम टाकून द्यावे.

राहिले फोन हरवण्याचे. प्रत्येक फोनला स्वतःचा १५ आकडी नंबर असतो, आयएमईआय. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो पडद्यावर येतो; दोन सिमांच्या फोनला दोन असतात. आजच तो रेशनकार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवावा. फोन गेला तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी, तिची प्रत घ्यावी, आपल्या नंबराचे दुसरे सिम काढावे आणि संचार साथीवर हा आयएमईआय कळवावा. त्यानंतर त्या फोनात चोराने कोणत्याही कंपनीचे सिम घातले तरी टॉवर त्याला दारातच अडवतो. फोन सापडला, तर त्याच ठिकाणी कळवून तो पुन्हा चालू करून घेता येतो.